सतरंजी अंथरणाऱ्यांचा इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत धम्मावर आणि बाबासाहेबांच्या विचारांवर लिहिणारी जाणकार मंडळी पुष्कळ आहेत. आम्ही पडलो गिरणीत तुटलेला धागा जोडणारी माणसं. शाळा नववीपर्यंत, आणि त्यापुढचं शिक्षण रातपाळी सुटल्यावर विहाराच्या वाचनालयात. म्हणून आम्ही आमच्या आवाक्यातला विषय घेतला आहे. आपल्या चळवळीत जी साहित्य संमेलने झाली, ती प्रत्यक्षात उभी कोणी केली? अध्यक्ष कोण होते हे आम्ही विचारत नाही, ते छापलेलं आहे. सतरंजी कोणी अंथरली, पिंप कोणी भरलं, रात्री खळ शिजवून भिंतीवर पत्रकं कोणी डकवली, वर्गणीसाठी जिने कोणी चढले, आणि सगळे पाहुणे गेल्यावर झाडू मारून शेवटी घरी कोण गेलं, हे आम्ही विचारतो. संमेलनाच्या अहवालात या माणसांसाठी एक ओळ ठरलेली असते. 'ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे आभार.' त्यातले ज्ञात कोण तेही सांगत नाहीत, मग अज्ञातांची काय कथा!

सुरुवात करायची तर २ मार्च १९५८ पासून करावी लागेल. त्या दिवशी मुंबईत दादर-नायगावच्या बंगाली हायस्कूलच्या सभागृहात पहिले दलित साहित्य संमेलन भरले. महाराष्ट्र दलित साहित्य संघाने ते भरवले आणि उद्घाटन केले अण्णाभाऊ साठे यांनी. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, गिरणीत काम केलेला, चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिणारा हा माणूस उद्घाटक. पृथ्वी कोणाच्या आधारावर तरली आहे, याचा पुराणातला हिशोब अण्णाभाऊंनी त्या दिवशी खोडून काढला आणि तो मान कष्टकऱ्यांच्या तळहाताला दिला. हे भाषण सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला वेगळी गोष्ट सांगायची आहे.

२ मार्च १९५८ हा दिवस रविवार होता. जुनी पंचांगं चाळून आम्ही हे पाहिलं. (नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला तो दिवसही २ मार्च, साल १९३०, आणि वार रविवारच.) विद्वानांना वाराचं काय एवढं वाटणार नाही. गिरणगावात मात्र वाराला फार किंमत होती. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी मोकळा होई, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री, रातपाळीवाला सकाळी येऊन त्याच खोलीत झोपे. एका घरातली तीन माणसं आठवडाभर एकमेकांना नीट भेटत नसत. सगळे एकत्र येणार ते रविवारी. म्हणून आपल्या चळवळीच्या सभा, वंदना, मेळावे, संमेलने या सगळ्यांच्या तारखा गिरणीच्या सुट्टीवर बांधलेल्या दिसतात. वर्गणीच्या तारखाही तशाच. पगार झाला की त्या संध्याकाळी गिरणीच्या दरवाजावर पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं, कारण दुसऱ्या दिवशी तोच पैसा वाण्याकडे आणि खानावळवालीकडे गेलेला असे. हे गणित कोणत्याही साहित्याच्या इतिहासात सापडत नाही. पण या गणितावाचून संमेलन होत नव्हतं.

आता काळ लक्षात घ्या. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. त्याला पंधरा महिनेही झाले नव्हते. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झालेला, म्हणजे पाच महिन्यांचा. मुंबई अजून द्विभाषिक राज्यात होती आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. अशा वेळी, बाप गेलेल्या घरात कोणी कविता-कथांची बैठक घालतं का? पण या माणसांनी घातली.

आणि दुसरी नवलाची बाब अशी की, ज्या साहित्याचं संमेलन भरवायचं ते साहित्य तेव्हा पुस्तकरूपात फार थोडं होतं. 'फकिरा' पुस्तक म्हणून आलं १९५९ साली. नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. 'गोलपिठा' १९७२, 'बलुतं' १९७८. म्हणजे ज्या पुस्तकांमुळे दलित साहित्य हे नाव पुढे देशभर झालं, त्यांतलं बहुतेक काही लिहिलं जायच्या आधी आपल्या माणसांनी त्या साहित्यासाठी सभागृह घेतलं, खुर्च्या मांडल्या. लेखन अगदीच नव्हतं असं नाही. 'जनता'मध्ये आणि १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत'मध्ये आपली माणसं लिहीत होती, जलसे तर गावोगाव गाजत होते. तरीही एकंदरीत पाहता लोक आधी घर बांधून मग संसार मांडतात, तसं हे झालं. आमच्या मते १९५८ च्या संमेलनाचं खरं मोठेपण इथे आहे.

त्या संमेलनात एक ठराव झाला. दलितांनी लिहिलेलं आणि इतरांनी दलितांविषयी मराठीत लिहिलेलं साहित्य दलित साहित्य म्हणून वेगळं मानावं आणि विद्यापीठांनी, साहित्यसंस्थांनी त्याला योग्य ते स्थान द्यावं, असा त्याचा आशय. तेव्हा त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. नंतर काय झालं ते आपल्या मुलांच्या एम. ए. च्या पुस्तकांवरून दिसतंच. ठराव मांडणाऱ्यांना थोडीफार दाद मिळाली. त्या ठरावाच्या वेळी मागच्या दाराशी उभं राहून 'आवाज करू नका, आत बसा' म्हणणाऱ्यांना कोणती दाद मिळाली?

हे काम आपल्या माणसांना नवीन नव्हतं. याची परंपरा महाडपासून आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या माणसांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं होतं, चाळीस रुपयांचं. चवदार तळ्याच्या गावात! चाळीस रुपये ही त्या काळी काय रक्कम होती हे गिरणीतल्या पगाराचे जुने कागद पाहिलेल्यांना सांगायला नको. तो पैसा कोणी गोळा केला, पाणी कोणी वाहून आणलं, हे विचारणारा इतिहासकार अजून यायचा आहे. तळ्यावरून परतल्यावर मांडवात हल्ला झाला, जेवणाऱ्यांना मारलं, स्वयंपाकात माती कालवली. तरीही नऊ महिन्यांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, त्याच महाडात पुन्हा परिषद उभी राहिली. त्या वेळी मांडवाला जागा मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. त्यांनी जागा दिली, पण मांडवावर स्वतःच्या नावाची पाटी लावायला सांगितलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

समता सैनिक दलाने स्वयंसेवकाला शिस्त दिली. रांग कशी लावायची, बायकामुलांना आधी कसं बसवायचं, नेत्याच्या भोवती कडं करताना लोकांना ढकलायचं कसं नाही. जलशांनी दुसऱ्या गोष्टी शिकवल्या. भीमराव कर्डकांच्या जलशापासून ते अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांच्या १९४४ सालच्या लाल बावटा कलापथकापर्यंत, गॅसबत्ती पेटवणारा आणि ढोलकी वाहणारा गडी हा कलावंताइतकाच रात्रभर जागा असे. आणि नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांची दीक्षा झाली, तिची धावपळ ज्यांच्या शिरावर होती ते वामनराव गोडबोले रेल्वेतले नोकरदार होते. नोकरी सांभाळून, जागा शोधून, परवानग्या काढून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ती जबाबदारी पार पाडली. त्यांचं नाव तरी राहिलं. हे भाग्य शेकड्यात एखाद्याचं.

१९६० नंतरचं आम्ही झरझर सांगतो, कारण त्यावर पुस्तकं आहेत. मिलिंद महाविद्यालयामुळे औरंगाबादला शिकलेल्या मुलांचा एक संच तयार झाला. तिथून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं, त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी खेड्यातल्या पोरांना व्यासपीठ मिळालं. १९७२ ला पँथर आली, मग तर कविता भिंतीवर आणि मोर्च्यात गेली. शंकरराव खरात १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, नारायण सुर्वे १९९५ साली परभणीला. दारं उघडली, नाही असं नाही.

पण याच काळात मुंबईत आमचा पाया हलला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आम्ही तेव्हा शाळेत होतो. संपाचा साहित्याशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. अहो, संबंध पावतीपुस्तकाशी होता. जो माणूस दर पगाराला वर्गणी देई तोच गावाला निघून गेला, जो जिने चढे तो भाजीची पाटी घेऊन बसला. साहित्यसंमेलनाचा मांडव ज्या चार खांबांवर उभा होता त्यांतले दोन तिथे मोडले. त्यानंतर चळवळीचं ओझं बँकेतल्या, पालिकेतल्या, रेल्वेतल्या आपल्या शिकलेल्या भावांनी उचललं. बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेली नोकरी त्यांनी समाजासाठी वापरली हे मान्यच. एवढंच की, इतिवृत्त ते सुरेख लिहितात, बाकडं उचलायची वेळ आली की त्यांची कंबर दुखते. हे रागाने नाही म्हणत. दोघंही लागतात. आम्ही स्वतः पुढे एका गिरणीत बदली म्हणून लागलो, तेव्हा रिंग खात्यातल्या जुन्या माणसांकडून आम्हाला हे सगळं तोंडी मिळालं. कागदावर त्यातलं काही नव्हतं.

आता १९९९. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत दादरला शिवाजी पार्कवर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं, वसंत बापट अध्यक्ष. सरकारी अनुदान घ्यावं की नाही, आणि घेतलं तर देणाऱ्याचे बोल ऐकून घ्यावेत का, यावरून वर्तमानपत्रं भरून वाहत होती. त्याच दिवसांत, ६ आणि ७ फेब्रुवारीला, दोन-तीन मैलांवर धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष बाबुराव बागुल. धारावीला लागून माटुंग्याचा लेबर कॅम्प. बागुलांचं लहानपण तिथे गेलं आणि अण्णाभाऊंची गाणी पहिल्यांदा तिथेच गाजली. तेव्हा ते संमेलन कुठून तरी आणून धारावीत ठेवलं नव्हतं, ते आपल्या घरी आलं होतं.

या विचाराचं मूळ अजून मागचं. १८८५ साली मराठी ग्रंथकारांची सभा पुण्यात भरली, तिचं बोलावणं न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीराव फुल्यांना गेलं. जोतीरावांनी पत्र लिहून जायला नकार दिला. शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून हक्क द्यायला जे तयार नाहीत, त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्यांचा रोख होता. विद्रोहीवाले त्या पत्राला आपलं जन्मपत्र मानतात.

विद्रोहीची रीत अशी पडली की सरकारचं अनुदान घ्यायचं नाही, भांडवलदाराची देणगी घ्यायची नाही. घरटी एक मूठ धान्य आणि एक रुपया. ऐकायला हे फार गोड लागतं. प्रत्यक्ष केलेल्यांना विचारा. आमच्या चाळीतून आम्ही जेव्हा जेव्हा अशी फेरी काढली तेव्हा पहिली अडचण पावतीची आली. एक रुपयाची पावती छापायची तर छपाईचा खर्च वगळून हातात काय राहणार? मग आम्ही दोनशे पानी वही घेतली आणि खोली नंबर, नाव, एक रुपया, अशी नोंद ठेवली. दुसरी अडचण सुट्ट्यांची. पाच रुपये देणारा म्हणे चार परत द्या, आणि ते द्यायलाच पाहिजेत. कारण ठरलं एक रुपया म्हणजे एकच, श्रीमंताचाही एक आणि खाटेवर पडलेल्या म्हातारीचाही एक. चार रुपये परत घेताना माणूस आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघतो. आमच्यातला एकजण म्हणायचा, वर्गणी मागताना लाज वाटत नाही, परत देताना वाटते.

तिसरी अडचण मुठीची. चाळीत कोकणातले, घाटावरचे, मराठवाड्यातले, सगळे. कोणी रेशनचा जाडा तांदूळ दिला, कोणी कोलम, कोणी गावाहून आलेला लाल उकडा, कोणी ज्वारीच टाकली. एका पिंपात सगळं मिसळलं की झालं! तांदूळ एकसारखा शिजत नाही. बारीक तांदळाचा गिचका होतो तोवर जाड्याचा कण दाताखाली कचकचतो. हे आम्हा पुरुषांच्या डोक्यात आलं नाही, आलं ते भगिनींच्या. त्यांनी पुढच्या खेपेला गोण्या वेगळ्या करायला लावल्या. जाडा वेगळा, बारीक वेगळा, उकडा तिसरीकडे, ज्वारी दळून भाकरीला. दुपारभर विहाराच्या मागच्या पडवीत सुपं घेऊन पाखडत बसल्या. त्यात कविता कुठे होती, असं कोणी विचारलं तर आम्ही म्हणू, पाखडताना जे बोलणं चाललं होतं ते लिहून घेतलं असतं तर दोन कथासंग्रह झाले असते.

आणि इथेच आमचं आपल्या चळवळीशी भांडण आहे. या भगिनी संमेलनाच्या दोन्ही दिवशी चुलीपाशी होत्या. स्त्रीमुक्तीवरचा परिसंवाद चालू होता तेव्हा त्या वांगी चिरत होत्या, कर्ण्यातून आवाज ऐकत. एक वहिनी म्हणाल्या, 'आमच्यावरच चाललंय ना, मग ऐकू येतंय तेवढं पुरे.' हसून म्हणाल्या, पण बोच होती. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. घरोघर जाऊन, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायकांशी बोलून त्यांनी बाबासाहेबांच्या चळवळीतला स्त्रियांचा वाटा कागदावर आणला. त्यांनी केलं नसतं तर ती नावं गेलीच होती. संमेलनाच्या स्वयंपाकघराचं तसं पुस्तक अजून कोणी केलेलं नाही. आमच्या विहारातल्या कवी संमेलनात आम्ही मग नेम केला की दुपारचं सत्र संपल्याशिवाय पुरुषांनी जेवायला उठायचं नाही आणि वाढप पुरुषांनी करायचं. पहिल्या वर्षी आमटी सांडली, पण नेम टिकला.

पैशाबद्दल बोललो, तर एक प्रसंग सांगणं भाग आहे. आमच्या भागात एका वर्षी संमेलनासाठी मांडव, खुर्च्या, कर्णे असा सगळा खर्च एका पुढाऱ्याने देऊ केला. नाव सांगत नाही, आता त्यात काही अर्थ नाही. अट एकच, प्रवेशद्वाराला त्याचा फोटो आणि उद्घाटनाला तो. त्या रात्री विहारात बैठक बसली. निम्मे म्हणाले, घ्या हो, पैसा आपल्याच समाजाच्या जिवावरचा आहे, चार घटका फोटो लागला म्हणून काय होतं? पोरं नोकऱ्या करून थकतात, दारोदार एक रुपया मागायला आता कोण फिरणार? या बोलण्यात खोटं काही नव्हतं. निम्मे म्हणाले, ज्याचा मांडव त्याचा माईक. पुढच्या वर्षी कवींची यादीही तोच पाठवील. चर्चा मध्यरात्रीपर्यंत गेली. शेवटी हात वर करून मोजले, दोन मतांनी प्रस्ताव पडला. संमेलन मांडवाशिवाय झालं, चाळीच्या चौकात, रात्री, ऊन नको म्हणून. सतरंज्या घराघरातून आणल्या. माणसं बसली, कविता झाल्या. पण त्या दोन मतांच्या पलीकडचे काहीजण नंतर बैठकीला यायचे थांबले ते थांबलेच, आणि त्यांतले दोघे आमचे सगळ्यात चांगले कार्यकर्ते होते. ही किंमत आम्ही मोजली. आजही कोणी विचारलं तर आम्ही त्या रात्री ज्या बाजूला हात वर केला त्याच बाजूला करू, पण किंमत मोजली हे सांगितलं पाहिजे.

मदत घेऊच नये असं आमचं म्हणणं नाही. १९५८ चं सभागृह बंगाली शिक्षणसंस्थेच्या शाळेचं होतं, महाडचा मांडव फत्तेखानांच्या जागेवर होता. एकट्याच्या बळावर आपण कधीच काही केलेलं नाही. मदत करणारा आणि विकत घेणारा यांतला फरक ओळखायची एक साधी खूण आमच्या पिढीने धरली. मदत करणारा संमेलन झाल्यावर सतरंजी घडी करायला थांबतो.

विद्रोही संमेलनं पुढे गावोगाव झाली. २०२१ ला नाशिक, २०२२ ला उदगीर, २०२३ ला वर्धा, २०२४ ला अमळनेर. आमच्यातले काहीजण वर्ध्याला गेले होते. जनरल डब्याने गेले, तिथे पोचताच पाहुणे म्हणून बसले नाहीत, सरळ भांडी घासायला लागले. सवय जात नाही.

मुंबईत मात्र आता दिवस बदलले. आम्ही ज्या गिरणीत होतो ती मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद झाली, ती पुन्हा सुरू झाली नाही. पाळ्या गेल्या, भोंगा गेला, पगाराची संध्याकाळ गेली. आणि आता चाळी जात आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बी.डी.डी.च्या २०७ चाळी. एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. वरळीत पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांना मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचं घर, स्वतःचा संडास. ज्यांनी शंभर वर्षं सार्वजनिक नळावर रांगा लावल्या त्यांना हे सुख मिळालंच पाहिजे, त्यात आम्हाला आनंदच आहे. जुन्या चाळीचे गोडवे गाणारे बहुधा चाळीत राहिलेले नसतात.

पण कार्यकर्त्याच्या दृष्टीने बघा. चाळीत एका मजल्यावर वीस दारं एका व्हरांड्यात उघडी असत. एक हाक मारली की वीस घरांना कळे की रविवारी कवी संमेलन आहे. वर्गणीला चार मजले चढले की ऐंशी घरं होत. उंच इमारतीत लिफ्टने जावं लागतं, खाली पहारेकरी वहीत नाव लिहायला लावतो, वर दार बंद. आतला माणूस आपलाच, पण तो दाराच्या भिंगातून आधी पाहतो. आमच्या तरुण मुलांनी यावर मोबाईलवरचा गट काढला आहे, एका क्षणात निरोप जातो, पैसेही मोबाईलवर येतात. चांगलं आहे. हिशोब चोख राहतो. फक्त दारात उभं राहून 'कविता कसली ऐकता, आधी नळाचं बघा' असं सुनावणारी म्हातारी त्यात भेटत नाही, आणि त्या म्हातारीला समजावता समजावता आम्ही भाषण करायला शिकलो होतो.

खोल्या रिकाम्या करताना आणखी एक गोष्ट घडते आहे, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली येतात. त्यात जुनी पावतीपुस्तकं, हस्तपत्रकं, जलशाच्या वह्या, समता सैनिक दलाचे बिल्ले, गटाचे फोटो असतात. नवीन घरात माळा नाही. मुलांना त्या कागदांची माहिती नाही आणि त्यांचा दोष नाही, कोणी सांगितलंच नाही. आमच्याच चाळीतले एक जुने कार्यकर्ते वारले. गिरणीतले साचेवाले होते, पन्नास वर्षं संमेलनांची कामं केली. त्यांची पेटी आम्हाला कळायच्या आत रद्दीत गेली. त्यात काय होतं ते थोडंफार आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आता ते ऐकीवच राहिलं. आमच्या एक रुपयाच्या वहीचीही अवस्था बरी नाही, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. पण नावं वाचता येतात. खोली नंबर, नाव, एक रुपया. त्या चाळीतल्या कितीतरी माणसांचं नाव साहित्याच्या संदर्भात जगात एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.

विहाराच्या मंडळाने वाचनालयातलं एक लोखंडी कपाट यासाठी रिकामं करून दिलं आहे. ज्यांच्या घरी जुनी पावतीपुस्तकं, संमेलनांची पत्रकं, स्वयंसेवकांचे बिल्ले, फोटो असतील त्यांनी खोली सोडण्यापूर्वी ते विहारात आणून द्यावेत. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने नावं लिहावीत, शाईने लिहू नये, उमटते. ज्यांना कागद द्यायचे नसतील त्यांचे कागद आम्ही मोबाईलवर फोटो काढून लगेच परत करू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं येऊन सांगावं, दोन कॉलेजच्या मुली लिहून घ्यायला बसतात. दर रविवारी वंदनेनंतर बारा वाजेपर्यंत कपाट उघडं असतं.